मास्तरला विचारणे

दाजी, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पंगत उठत असताना, मला हायसं वाटलं. सख्खी बहीण आत भिंतीला टेकून बसलेली, आणि मी परसात जाऊन एकटाच हसलो. हे असं लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण बरं दिसेल ते लिहायचं आणि खरं ते गाळायचं, हा उद्योग मी एकदा करून बसलोय, आणि त्याच्यापायी तुम्ही गेल्यापासूनचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. तुम्ही गेल्याचं दुःख तर होतंच. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. मला वाटत होतं, तुम्हाला मी मारलं.

अक्काचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा आमच्या घरात फोन नव्हता, आणि जावई मिळाला तो टेलिफोन खात्यातला लाइनमन. आबांनी गल्लीभर सांगून ठेवलं की आता आमच्याकडे महिन्यात घंटी वाजणार. तुम्ही काही तार ओढली नाहीत. यादीत आमच्या वर पुष्कळ माणसं आहेत, त्यांचा झाला की आपला, असं आबांना तोंडावर सांगितलंत. आबा बरेच दिवस तुमच्याशी धड बोलले नाहीत. जेवायला वाढताना आई तुमच्याकडे अशी बघायची की जसं काही तुम्हीच आमची तार तोडलीत. मला मात्र तुम्ही तेव्हाच आवडलात. हे मी कधी बोललो नाही, कारण मेव्हण्यानं दाजीचं कौतुक करायची आपल्याकडे पद्धत नाही.

नव्वदीच्या त्या वर्षांत गावोगाव फोन लागत होते आणि तुम्ही सायकलीला साहित्य बांधून गडहिंग्लजच्या आसपासची गावं पालथी घालत होता. सुट्टीत मी यायचो तेव्हा दोन-चार वेळा तुमच्याबरोबर हिंडलो. रस्त्याकडेचा लोखंडी डबा उघडला की आत तारांचं जंजाळ, आणि प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी. लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून तुम्ही त्या करायचात. एका बाजूला ‘चि. सौ. कां.’ नाहीतर ‘आपले नम्र’ छापलेलं, दुसऱ्या बाजूला तुमच्या अक्षरात तार कुठून आली आणि कुठं चालली, आणि वरून चिकटपट्टी. तुम्हाला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. तुमच्या जागी बदलीवर येणारा माणूस ते बघून आधी हसायचा, आणि आठवड्याभरात तुम्हाला दुवा द्यायचा. घरात मात्र एकही पत्रिका शिल्लक राहायची नाही. लग्न कुठल्या कार्यालयात आहे हे बघायला अक्काला एकदा तुमच्या डब्याशी यावं लागलं होतं, असं ती अजून सांगते.

फोन बंद पडला की लोक फोनलाच बडवतात, यावर तुमचा फार राग. मी शाळेत शिकवतो म्हणून मला तुम्ही मास्तरच म्हणायचात. “मास्तर, शेवटच्या डबड्याला इचारून काय कळणार? तार कुठनं आलीया ते बघत माघारी जायचं. जिथं आवाज लागला, त्याच्या म्होरं फॉल्ट.” आणि फॉल्ट निघाला की खांबावरूनच, कमरेला लटकवलेल्या तपासणीच्या फोनचे चिमटे तारेला लावून, घरी अक्काला फोन. जयभीम, आवाज येतोय न्हवं? अक्का भाकरी थापता थापता ओरडायची, येतोय की. तेवढंच बोलणं. गिऱ्हाइकाची तार दुरुस्त झाली हे आधी आमच्या अक्काला कळायचं, मग गिऱ्हाइकाला.

हीच खोड तुम्ही सगळीकडे लावलीत. जयंतीच्या कार्यक्रमात एखादा वक्ता कुठल्यातरी महापुरुषाच्या नावावर टाळ्यांचं वाक्य ठोकून द्यायचा, आणि टाळ्या थांबल्या की मागच्या सतरंजीवरून तुमचा हात वर. साहेब, हे कुठल्या भाषणातलं? भांडायच्या सुरात नाही, पत्ता विचारावा तसं. निम्मे वक्ते पुढच्या वर्षी येताना टिपण घेऊन यायचे. उरलेले निम्मे यायचेच नाहीत.

मग मी कोल्हापुरात घरी कॉम्प्युटर घेतला. फोनच्या तारेवरून इंटरनेट लागताना जी किंकाळी यायची ती ऐकून तुम्ही रिसीव्हरला कान लावलात आणि विचारलंत, कोण भांडाय लागलंय? मी तेव्हा नुकताच मराठीत ब्लॉग लिहायला लागलो होतो. हायस्कुलात मराठी शिकवणारा मास्तर, नाव छापून यायची दांडगी हौस, आणि छापणारं कुणी नाही. ब्लॉग हा प्रकार माझ्यासारख्यांसाठीच निघाला असावा. आपल्या भागातल्या जत्रा, जुने शब्द, गुऱ्हाळं, असं काहीबाही लिहायचो. तुम्ही खुर्ची ओढून वाचत बसलात, आणि मधेच एका निळ्या, खाली रेघ असलेल्या शब्दावर बोट ठेवलंत. मी सांगितलं की ही माहिती मी जिथून घेतली तिथं जायची ही वाट आहे, त्याच्यावर क्लिक केलं की मूळ पान उघडतं. तुम्ही क्लिक केलंत. पान उघडलं. माघारी आलात आणि पुन्हा केलंत.

“म्हंजी ही चिठ्ठीच की ओ,” तुम्ही म्हणालात. परगावात अचानक आपला सोयरा निघावा, तसा तुमचा चेहरा झाला होता.

त्यानंतर कोल्हापूरला आलात की चहाच्या आधी ब्लॉग. लेखापेक्षा तुमचं लक्ष लिंकांवर. एकेक उघडून बघायचात, आणि एखादी रिकाम्या पानावर गेली की मला हाक. “तार हाय, पण पल्याड फोन न्हाय.” मी कुरकुरत दुसरी शोधून लावायचो. एकदा मी एका जत्रेबद्दल लिहिलं आणि मूळ म्हणून अशा पानाची लिंक दिली ज्यात ती माहितीच नव्हती. मी ते पान न वाचताच जोडलं होतं. तुम्ही ते सबंध वाचलंत, चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचलंत, आणि माझ्याकडे बघत राहिलात. वर्गात कॉपी करताना धरलेल्या पोराकडे मी बघतो तसं. मला राग आला आणि लाजही वाटली. लिंक काढून टाकली.

हळूहळू वाचक वाढले. पुण्याला, दुबईला, कुठंकुठं गेलेली आपल्या भागातली माणसं ‘वा सर, गावची आठवण आली’ असं लिहायची. तेवढ्यावर माझं पोट भरायचं. मग मी लिंका कमी करायला लागलो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं की लिंक दिली की वाचक तिकडं निघून जातो, परत येत नाही. तुम्ही म्हणालात, “जाऊ दे की. पटलं तर येतंय माघारी. आणि न्हाई आलं, तर तिथं बरं व्हतं म्हणायचं.” ह्या गोष्टीवर आपण दोन-तीन वर्षं भांडलो असू. तुम्ही आवाज चढवायचा नाहीत, आणि मी चढवल्याशिवाय राहायचो नाही.

आता त्या लेखाचं सांगतो. साखरेच्या आजारावर एका रानवेलीच्या पाल्याचा रस. वेलीचं नाव पुन्हा लिहीत नाही, एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. मला कुणीतरी पुढं ढकललेला एक मेल आला होता. त्याला ना नाव ना गाव. तसाच लिहिला तर लेख फिका वाटला, म्हणून मी फोडणी घातली. ‘चंदगडच्या जंगलपट्टीतले एक जुने जाणकार सांगतात,’ असं लिहिलं. तिकडं एवढा पाऊस, एवढं रान, जाणकार असणारच कुणीतरी, आणि तपासायला कोण जातंय! वर आणखी शोभेला, ‘पहाटेच्या दवासकट खुडलेला पाला’ असंही लिहिलं. दव माझ्या पदरचं होतं. त्या लेखाला जेवढ्या प्रतिक्रिया आल्या तेवढ्या कशालाच आल्या नव्हत्या.

तुम्हाला साखर होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. तुम्ही तो लेख दोनदा वाचलात आणि विचारलंत, हा जाणकार कुठल्या वाडीचा? मी म्हणालो, त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय. मग गावाचं तरी सांगा, तुम्ही म्हणालात. मला उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की माझी जीभ कशी सुटते हे अक्काला लहानपणापासून माहीत आहे. “दाजी, तुम्ही तारा जोडा,” मी म्हणालो, “लिहायचं मला शिकवू नका.”

अक्का दारात उभी होती. तुम्ही हसलात, व्हय, ते बी खरं, म्हणालात, आणि चप्पल घालून पान खायला गेलात. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या ब्लॉगचं नाव काढलं नाहीत. फोनवर पोरांची चौकशी, पाऊसपाणी, अक्काचे गुडघे, एवढंच. दीडएक वर्ष असं गेलं. मी माफी मागणार होतो. दर दिवाळीला मागणार होतो.

शेवटच्या दिवाळीला आम्ही गडहिंग्लजला आलो तेव्हा तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बाटली दिसली. आत हिरवा रस. माझी नजर तिकडं गेल्याबरोबर तुम्ही उठून ती पडद्याआड सरकवलीत, आणि करंज्यांचं ताट पुढं केलंत. मला तिथंच विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे तो जाणकार मुळात नाहीच हे सांगायचं, आणि घरात माझी बायको, पोरं, सगळी बसलेली. मी करंजी खाल्ली. चांगली झाली होती, असंही म्हणालो.

महिन्याभरानं सकाळी अक्काचा फोन आला. तुम्ही आंघोळीला म्हणून उठलात आणि दारातच बसलात. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी मिळेल ती एसटी धरली. कोल्हापूर ते गडहिंग्लज हा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी मी बाहेर बघितलंच नाही. एकच हिशोब चालला होता. दाजींनी गोळ्या सोडल्या असतील. मास्तरचा शब्द म्हणून सोडल्या असतील. भांडणानंतर दीड वर्षानं, आपल्या मेव्हण्याला खोटं कशाला पाडायचं म्हणून, रस प्यायले असतील. तुम्ही तसे भाबडे नव्हता हे त्या एसटीत माझ्या लक्षात आलं नाही, दाजी. अपराधी माणसाला समोरचा नेहमी भाबडाच वाटतो.

आणि अक्काला विचारणार कसं? तिच्या समोर जाऊन, दाजी गोळ्या घेत होते ना गं, असं म्हणायला तोंड उघडायचो आणि पाणी मागायचो. त्या दिवसांत मी किती पाणी प्यायलो असेन! पुण्यानुमोदनाला वक्त्यांनी तुमच्याबद्दल चार शब्द बोलताना एक वाक्य कुणाच्यातरी नावावर ठोकलं, आणि माझं लक्ष आपोआप मागच्या सतरंजीकडं गेलं. तिथं गावातली आणखी पाच-सहा माणसंही मागं वळून बघत होती. तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं.

जेवणं उरकत असताना अक्का तुमची खाकी पिशवी घेऊन माझ्याजवळ आली. ती म्हणाली, ह्यात तुझं कायतरी हाय, ते मास्तरला द्यायचं म्हणत हुते. आत पक्कड, तारेचे तुकडे, तो चिमट्यांचा फोन, आणि एक जाड फाइल. फाइलीत माझे लेख. सगळे. गडहिंग्लजच्या सायबर कॅफेत जाऊन तुम्ही ते छापून घेतले होतेत, आपण बोलत नव्हतो त्या दीड वर्षातलेसुद्धा. प्रत्येक लेखाला वरच्या कोपऱ्यात लग्नपत्रिकेची चिठ्ठी स्टेपल केलेली, आणि चिठ्ठीवर मूळ. जिथं मी लिंक दिली होती तिथं ती बरोबर असल्याची खूण. जिथं दिली नव्हती तिथं तुम्ही स्वतः शोधून लिहिलेलं: हे फलाण्या ग्रंथालयातल्या गॅझेटात आहे, हे अमक्या गावच्या पाटलीणबाईंनी सांगितलं, हे मास्तरच्या आईच्या तोंडचं. मी विसरलो होतो की ते आईच्या तोंडचं आहे.

साखरेच्या लेखाला चार चिठ्ठ्या होत्या. तुम्ही दिवाळीच्या आधी चंदगडला गेला होतात. स्टँडवर पाला विकणाऱ्या बाईला विचारलंत, तिनं एका वाडीचं नाव सांगितलं. वाडीत काजूच्या बागेकडेला एक म्हातारा भेटला. तो तो पाला पूर्वीपासून गुरांच्या जखमेला लावत होता. माणसांना पाजायला त्यानं अलीकडेच सुरुवात केली होती, कारण लोक शोधत यायला लागले होते. कशावरनं, म्हणून तुम्ही विचारलंत, तर त्यानं आतून एक लॅमिनेट केलेलं कात्रण आणून दाखवलं. कुठल्याशा साप्ताहिकातलं, खाली बारीक अक्षरात ‘इंटरनेटवरून साभार’. तो लिहिणाऱ्याच्या शब्दाला इतका जागत होता की बिचारा पहाटे उठून दवासकट पाला खुडत होता. आधी तो दुपारी खुडायचा.

तुम्ही ते दव ओळखलंत, माझ्याच लेखातलं. तिसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: लाइन फिरून मास्तरच्याच घरात. मधे खांब एकही नाही.

मी तिथंच, भांड्यांच्या ढिगाशेजारी, खाली बसलो. अक्काला बाटलीबद्दल विचारलं. ती म्हणाली, म्हाताऱ्याकडनं नमुना आणलेला, तुला दाखवून इचारायचं होतं. “पर तू आलास तवा हे म्हणालं, मास्तर सणाचा आलाय, पोरंबाळं हाईत, आज नको. म्होरल्या खेपंला.” मग बाटलीचं काय झालं? “वतली कढीपत्त्याच्या बुडात. ह्यांनी जिभंला सुदिक लावली न्हाई.” आणि गोळ्या? अक्काला कळलं असावं, मी इतके दिवस पाणी का पीत होतो ते. ती उठून आत गेली आणि डॉक्टरांचा कागद घेऊन आली. तुम्ही जायच्या पंधरा दिवस आधीचा. साखर आटोक्यात, तीच गोळी चालू ठेवणे. गोळीची रिकामी पाकिटंसुद्धा तुम्ही रबर लावून ठेवली होतीत, तारखा घालून. एकही दिवस सुटला नव्हता.

तेव्हा मी परसात गेलो, दाजी. तेव्हा मी हसलो. कढीपत्ता चांगला हिरवागार होता, त्यालाही काही झालं नव्हतं. तुम्ही गेलात, आणि मी तुम्हाला मारलं नव्हतं. तुम्हाला वाचवलं नाही ते नाहीच, पण तुम्ही माझ्यापासून स्वतःला बरोबर वाचवलं होतंत. माझा शब्द तुम्ही मानला नाहीत, ह्याच्याइतका आनंद मला आयुष्यात कशाचा झाला नाही. आणि फाइलीच्या कप्प्यात ते लॅमिनेट केलेलं कात्रणही होतं. म्हाताऱ्याला समजावून, त्याच्याकडून ते मागून घेऊन आला होतात. कात्रणाला लावलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं: आता माणसांना देणार नाही म्हणाला. चहा पाजला. भला माणूस.

राहिली चौथी चिठ्ठी. तिच्या छापील बाजूला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असं होतं. दुसऱ्या बाजूला तुमचं अक्षर:

मूळ: मास्तरला विचारणे. रागावतील. तरी विचारणे.

मी रागावलो नसतो, असं म्हणणार होतो. पण ह्या लेखात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. रागावलो असतो. अक्काला मधे पडावं लागलं असतं, आणि तुम्ही पान खायला गेला असता. पण माघारी आल्यावर मी सांगितलं असतं, एवढं मला वाटतं. वाटतं म्हणतो, त्याला पुरावा नाही.

गेल्या आठवड्यात शाळेतून आल्यावर मी तो लेख उघडला. पुसून टाकावा असं पहिल्यांदा मनात आलं. पण तुम्ही फॉल्टी तार कधी नुसती कापून टाकली नाहीत; लोकांना कळलं पाहिजे कुठं बिघडलं होतं, म्हणायचात. म्हणून लेख तसाच ठेवला आणि सगळ्यात वर लिहिलं. ह्यातला चंदगडचा जाणकार मी माझ्या मनानं तयार केला, असा कुणी माणूस नाही. हा रस कुणी पिऊ नये, डॉक्टरांची गोळी कुणी सोडू नये. पाल्याची माहिती एका निनावी मेलमधली, दव माझं. ह्या माहितीचं मूळ शोधत एकच माणूस चंदगडपर्यंत गेला, ते माझे दाजी. खाली माझं पूर्ण नाव घातलं. हा लेख उचलून छापणारी आणखी सात-आठ पानं सापडली, त्यांनाही लिहिलंय. दोघांनी काढला. बाकीच्यांच्या मागं लागलोय. जुन्या लेखांना तुमच्या चिठ्ठ्यांवरनं लिंका जोडतोय, रोज एकदोन. आईच्या तोंडचं होतं तिथं आईचं नाव घातलं.

मग चौथ्या चिठ्ठीवर, तुमच्या ओळीखाली, पेनानं लिहिलं: विचारलं. मास्तर म्हणाले, मूळ मीच.

ती परत स्टेपल केली, आणि गडहिंग्लजला फोन लावला. त्या जुन्या लेखावर जे लिहिलंय ते सगळं अक्काला सावकाश वाचून दाखवलं, नावासकट. तार मधेच गेली की काय, असं वाटलं.

मी म्हणालो, “जयभीम, अक्का. आवाज येतोय न्हवं?”

“येतोय की,” ती म्हणाली.